वर्गातील बिअर्डेड ड्रॅगन : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते नोव्हेंबर २०२५

१८ जानेवारी २०२५

शाळेचे एक माजी विद्यार्थी सहकुटुंब परदेशी जात असून त्यांच्या मुंबईच्या घरी वाढलेला बिअर्डेड ड्रॅगन शाळेने सांभाळावा, असा त्यांचा प्रस्ताव आला आहे. मुख्याध्यापिका बाईंनी विज्ञानशिक्षक या नात्याने माझा लेखी अभिप्राय मागितला आहे. उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, त्यामागची कारणे कोठेतरी नोंदलेली असावीत, म्हणून ही वही सुरू करत आहे.

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि मध्य भागातील कोरड्या अंतर्भागातला सरडा आहे. अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. पोगोना व्हिटिसेप्स हे त्याचे शास्त्रीय नाव. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. तो दिवसा जागा असतो, माणसाच्या सवयीचा होतो आणि क्वचितच चावतो, त्यामुळे जगभरच्या शाळांत त्याला पसंती मिळालेली आहे. नीट सांभाळल्यास तो आठ ते बारा वर्षे जगतो. प्रस्तावातील नर तीन वर्षांचा आहे, म्हणजे आज आपल्या पाचवीत बसणारी मुले दहावी होऊन बाहेर पडतील तेव्हाही तो बहुधा इथेच असेल. शाळेने हा प्रस्ताव एका वर्गाचा उपक्रम म्हणून न पाहता एवढ्या वर्षांची बांधिलकी म्हणून पाहावा, असे अभिप्रायाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

माझी मुख्य शंका मात्र प्राण्याच्या स्वभावाविषयी नसून आपल्या गावाविषयी आहे. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपली शाळा गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चार महिने भिजत उभी असते.

१ फेब्रुवारी

कायद्याची बाजू तपासली. घोरपड किंवा तारांकित कासव यांसारखे आपल्याकडचे संरक्षित प्राणी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे लागेल. अन्यथा शाळेत सरडा पाळतात म्हणून कोणी उद्या घोरपडीचे पिल्लू पिशवीत घालून आणेल आणि त्याला त्यात काही वावगे वाटणार नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर अनेक दशकांपूर्वीच बंदी घातली असल्यामुळे आज बाजारात असलेले बिअर्डेड ड्रॅगन बंदिस्त पैदाशीतलेच असतात. देणाऱ्या कुटुंबाकडून खरेदीची पावती आणि पैदाशीचे पत्र मागवून घेतले असून त्यांच्या प्रतींसह वनखात्याच्या स्थानिक कार्यालयास लेखी माहिती दिली आहे.

व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले, “गुरुजी, दारच्या कुंपणावर इतके सरडे फिरत असताना मुंबईचा सरडा कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. कुंपणावरचा सरडा आणि हा पाहुणा दोघेही अ‍ॅगॅमिडी या एकाच कुळातले आहेत, तेव्हा तुलनेसाठी दोघेही समोर असले तर अभ्यास अधिक चांगला होईल, असे उत्तर मी दिले. समितीने होकार दिला, पण खोली, वीज आणि सुट्ट्यांची व्यवस्था आधी करावी आणि प्राणी त्यानंतरच आणावा, या अटीवर. ही अट मीच सुचवली होती.

२२ फेब्रुवारी

नकाशे ठेवण्याची लहान खोली निवडली. वर्गातच पेटी ठेवावी असा मुलांचा आग्रह होता. परंतु आमचे वर्ग कौलारू, वरून उघडे आणि चारही बाजूंनी हवा खेळणारे आहेत. माणसांसाठी ही रचना उत्तम असली तरी जेथे हवा कोरडी राखायची आहे तेथे ती निरुपयोगी ठरते. नकाशाच्या खोलीला स्लॅब आहे, एकच खिडकी आहे आणि दार घट्ट बसते. आठवीच्या वर्गाला लागून असल्यामुळे मुले तुकडीतुकडीने आत येऊ शकतील.

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, रंग दिलेल्या प्लायवूडची, समोर सरकत्या काचा आणि वरच्या अंगाला जाळी, अशी गावच्या सुताराकडून करून घेतली. तळाशी वाळू न घालता साध्या खरबरीत फरशा बसवल्या, कारण वाळू भक्ष्याबरोबर पोटात जाऊन आतड्यात अडकण्याची भीती असते आणि पावसाळ्यात ती ओल धरते ते वेगळेच. एका टोकाला तापदिवा, त्याच्याखाली जांभ्याचा चपटा दगड. दुसरे टोक थंड. दगडाचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि थंड टोक २५ ते २९ अंश, असा उतार साधला की प्राणी स्वतः जागा बदलून अंगाचे तापमान राखतो. रात्री दिवे बंद राहतील. कोकणातल्या रात्री त्याच्यासाठी मुळीच थंड नाहीत.

अतिनील किरणांची नळी पेटीच्या आत, काचेच्या अलीकडे बसवली. साध्या काचेतून अतिनील-ब किरण जवळजवळ आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या उन्हात पेटी ठेवली की काम भागते हा समज चुकीचा आहे. या किरणांवाचून त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याच्यावाचून कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. लहान मुलांच्या मुडदुसाचे कारण याच जातीचे आहे. नळी दिसायला प्रकाश देत राहते, तरी तिच्यातील अतिनील अंश काही महिन्यांत घटतो, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच चिकटवली आहे.

पेटीच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. दुधाच्या कपाटासाठी आमच्या घरोघरी केला जाणारा हा उपाय खाद्यकीटकांच्या मागावर येणाऱ्या मुंग्यांनाही तितकाच लागू पडतो. खारी हवा दिव्यांच्या होल्डरचे पत्रे महिन्यांत खाते, त्यासाठी चिनी मातीचे होल्डर घेतले.

८ मार्च

प्राणी आला. प्रवास रात्रीचा झाला आणि डब्यात अंधार होता, त्यामुळे तो शांत होता. वजन ४१० ग्रॅम. पहिले काही दिवस पेटीच्या तीन बाजू कापडाने झाकल्या असून खोलीत फक्त पाळीचे दोन विद्यार्थी जातील, काचेवर कोणी टकटक करणार नाही आणि कोणी हात लावणार नाही, असे ठरले आहे. नव्या जागी हा प्राणी काही दिवस खात नाही, गळा काळा करतो, पोटावर गडद डाग दाखवतो. या ताणाच्या खुणा आहेत.

या नोंदींत त्याचा उल्लेख ‘प्राणी’ असाच करण्याचा माझा विचार होता, पण आठवीने दुपारच्या सुट्टीपर्यंत ‘दाढोबा’ हे नाव मतदानाने मंजूर करून फळ्यावर लिहिले होते.

२९ मार्च

निरीक्षणाच्या वहीत मुलांनी सर्वांत आधी टिपलेली गोष्ट म्हणजे सकाळी आठला दाढोबाची पाठ काळपट असते आणि दिव्याखाली तासभर बसल्यावर ती पिवळट करडी होते. पाठीचा रंग उष्णता शोषण्याशी आणि गळा-छातीचा रंग प्रामुख्याने दुसऱ्या प्राण्याला संदेश देण्याशी निगडित असतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले आहे. आमच्या मुलांनी ते वाचलेले नव्हते. त्यांनी तापमापकाचे आकडे आणि रंगाचे वर्णन शेजारीशेजारी लिहीत नेल्यावर पाठीपुरता निष्कर्ष त्यांच्यासमोर आपोआप आला. मी तो आधी सांगितला नाही, याचे मला समाधान आहे.

डोक्याच्या मध्यावर फिकट ठिपक्यासारखा दिसणारा तिसरा डोळा एका मुलीला सापडला. तो चित्र पाहत नाही, उजेड आणि सावली ओळखतो. म्हणूनच वरून हात आणला की दाढोबा दचकतो आणि बाजूने आणला की शांत राहतो. आकाशातून झडप घालणाऱ्या पक्ष्यांची भीती त्याच्या अंगात मुरलेली आहे. हाताळण्याचा पहिला नियम यातूनच ठरला: हात बाजूने, खालून, छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार देत.

कुंपणावरील सरड्यांची वही वेगळी ठेवली आहे. नर सरडे आता लालसर होऊ लागले असून दगडावर बसून मान वरखाली करतात. दाढोबा आरशासमोर नेमके हेच करतो. पूर्वी या ‘रक्तपित्या’ सरड्यांना दगड मारणारी मुले आता त्यांची जागा बिघडू नये म्हणून कुंपणाची काटेरी फांदी काढू देत नाहीत, अशी तक्रार शिपाईमामांनी केली आहे.

१९ एप्रिल

आहाराचा विषय अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पिल्ले मुख्यतः कीटक खातात. प्रौढ प्राण्याच्या आहारात मात्र बहुतांश पाला-भाजी असावी आणि आठवड्यातून दोन-तीनदाच कीटक द्यावेत. मुंबईच्या घरी त्याला रोज अळ्या मिळत असल्यामुळे पहिले काही आठवडे त्याने पाल्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. सकाळी दिवा लागल्यावर आधी पाला, कीटक दुपारी, हा क्रम न मोडता पाळल्यावर तो आता शेवग्याचा पाला, कोथिंबीर, लाल भोपळ्याचे तुकडे आणि भोपळ्याची फुले खातो. जास्वंदीच्या फुलावर तर तो धावून येतो. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असते आणि तो गावात प्रत्येक परसात आहे, हा कोकणाने दाढोबाला दिलेला खरा फायदा.

मुले उत्साहाने घरून भाजी आणतात. पालक आणि माठ यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे त्या भाज्या नेहमीच्या आहारात नकोत; अळू तर अजिबात नको, त्यातील सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक तोंड आणि घसा पोळतात. ज्या पाल्याविषयी खात्री नाही तो पेटीत जाणार नाही. हापूसच्या फोडीवरून वर्गात बराच वाद झाला. आंबा विषारी नाही, पण साखर जास्त, म्हणून बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही क्वचित, अशी तडजोड झाली.

शेतातले नाकतोडे फुकट मिळत असताना रातकिडे विकत का आणायचे, या पालकांच्या प्रश्नाला उत्तर आमच्या बागांतच आहे. मोहोर आल्यापासून फळ उतरेपर्यंत आंब्यावर फवारण्या होतात आणि त्या परिसरातील कीटक कोणते औषध पिऊन आला आहे हे सांगता येत नाही. रातकिडे पुण्याहून पार्सलने मागवून प्लास्टिकच्या खोक्यात अंड्यांच्या ट्रेमध्ये वाढवतो, देण्याआधी त्यांना गाजर आणि पाला खाऊ घालतो आणि कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतो. बाईंच्या कार्यालयाची भिंत याच खोलीला लागून असून नर रातकिडे शाळा सुटल्यानंतरही गात असतात, याची नोंद त्यांच्या विनंतीवरून येथे करत आहे.

३ मे

उन्हाळी सुट्टी लागली. पाळीचे वेळापत्रक गावात राहणाऱ्या मुलांपुरतेच केले आहे. एक सूचना मोठ्या अक्षरांत दारावर लावली: काजवे पेटीच्या जवळपासही आणू नयेत. मेअखेरीस आमच्याकडे झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात आणि कौतुकाने एखादा काजवा दाढोबाला दाखवण्याचा मोह कुणालाही होईल. अमेरिकेतील काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची प्रकरणे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदलेली आहेत. काजव्यातील विष हृदयावर परिणाम करते आणि एकच कीटक प्राणघातक ठरू शकतो. भारतातील जाती तितक्याच विषारी आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी दाढोबावर प्रयोग करण्याचे कारण नाही.

२७ मे

सगळी तयारी मृग नक्षत्राच्या हिशेबाने, म्हणजे ७ जूनपर्यंत पूर्ण करायची होती. यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला आणि त्याआधीच्या आठवड्यापासून वळवाच्या नावाखाली जो कोसळत होता तोही काही कमी नव्हता. आर्द्रतामापक खोलीत ८८ टक्के दाखवत आहे, तापमान २८ अंश. या प्रकल्पाचा गाभा आता सुरू झाला, तेव्हा ही नोंद विस्ताराने करतो.

सुट्टीत असूनही आलेल्या मुलांना मी एक कोडे घातले. त्याच पेटीत, त्याच वेळी, थंड टोकाचा मापक ८० च्या वर आणि दिव्याजवळचा मापक ५५ च्या खाली आकडा दाखवतो. मापक बिघडला आहे काय? मुलांनी मापकांची अदलाबदल केली. आकडे जागेवरच राहिले, मापक बदलले. मग फळ्यावर हिशेब मांडला. २८ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. त्याच्या ८८ टक्के म्हणजे सुमारे २४ ग्रॅम बाष्प आज आपल्या खोलीत आहे. ३८ अंशांना हीच हवा सुमारे ४६ ग्रॅम धरू शकते. बाष्प तेवढेच, २४ ग्रॅम, पण क्षमता वाढली, म्हणून सापेक्ष आर्द्रता २४ भागिले ४६, म्हणजे ५२ टक्क्यांच्या आसपास. दिव्याने पाणी नाहीसे केले नाही, हवेची तहान वाढवली.

यावरून दोन गोष्टी लक्षात आल्या. दिवसा दिवा पेटता असेपर्यंत दाढोबाला तापलेल्या टोकाशी सुसह्य कोरडेपणा मिळतो. रात्री दिवा विझला की पेटीतली हवा खोलीच्या हवेसारखीच होते. रात्रीही तापवत ठेवावे, तर हवा चार अंशांनी तापवूनही आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपासच राहते आणि प्राण्याला हवी असलेली रात्रीची थंडाई मात्र हिरावली जाते. म्हणून रात्रीसाठी हवेतले बाष्पच काढून टाकणे भाग आहे. त्यासाठी लागणारे आर्द्रताशोषक यंत्र देणाऱ्या कुटुंबाने प्राण्यासोबतच पाठवले होते. खिडकीच्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवून ते सुरू केले. सकाळी टाकीत तीन लिटरहून अधिक पाणी निघाले, आणि ‘हे सगळे हवेत होते?’ या प्रश्नावर ज्या मुलाने सर्वांत मोठे डोळे केले त्याच्याकडेच रोज ते मोजण्याचे काम दिले. खोली आता ५५ ते ६० टक्क्यांवर स्थिर आहे. आदर्श आकड्याहून हे जास्त असले, तरी याहून कमी राखण्याचा खर्च शाळेला झेपणारा नाही.

ऑस्ट्रेलियाच्या त्या प्रदेशातही पाऊस पडतो आणि अधूनमधून हवा दमट होते. अडचण दमटपणाच्या एखाद्या रात्रीची नाही. सलग चार महिने न सुकणाऱ्या अंगाची आहे. त्यातून श्वसनाचे विकार आणि त्वचेची बुरशी उद्भवते. पाण्याचे भांडे पेटीतून कायमचे काढले असून सकाळी ड्रॉपरने नाकाच्या टोकावर थेंब सोडतो, तो चाटून घेतो.

१६ जून

शाळा उघडली. नव्या आठवीला जुन्या आठवीने, म्हणजे आताच्या नववीने, वही सुपूर्द केली.

आरोग्याचे नियम पुन्हा लिहून घेतले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू कोणतीही बाधा न दाखवता राहू शकतात. २०१४ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाच्या कॉथॅम या दुर्मीळ प्रकाराचा प्रादुर्भाव थेट पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनशी जोडला गेला होता. आमच्याकडे आठवीपर्यंत पोषण आहार असतो आणि मुले व्हरांड्यात ताटे घेऊन बसतात, त्यामुळे धोका कल्पनेतला नाही. खोलीत खाणे-पिणे नाही, बाहेर पडताना साबणाने हात धुणे, पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या नळावर न धुता बागेच्या नळावर धुणे, आणि शेजारच्या बालवाडीतील मुलांनी फक्त दारातून पाहणे. दाढोबाला चुंबन देण्याची मनाई हा नियम मुलांनी स्वतःहून जोडला; तो का जोडावा लागला हे मी विचारले नाही.

५ जुलै

वीज. आमच्याकडे पावसाळ्यात ती जाते, आणि गेली की तारेवर पडलेली फांदी सापडेपर्यंत येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. दिवा विझला की ऊब आणि कोरडेपणा दोन्ही एकाच क्षणी संपतात, हे मेमधल्या हिशेबाने दाखवलेच आहे; त्यामुळे कोकणातील शाळेने हा प्राणी घ्यायचा झाल्यास पेटीच्या आधी इन्व्हर्टरचा विचार करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

गणिताच्या तासाला हिशेब करून घेतला. शंभर वॅटचा तापदिवा आणि २४ वॅटची नळी, मिळून १२४ वॅट. संगणककक्षाची १५० अँपिअर-तासाची, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. तूट आणि बॅटरी पूर्ण रिती न करण्याची काळजी धरता सुमारे अकराशे हाती येतात, म्हणजे जेमतेम नऊ तास. आर्द्रताशोषक यंत्र यात बसतच नाही. म्हणून वीज गेल्यावर नळी बंद करायची, दिवा दोन-दोन तास लावायचा आणि त्या काळात कीटक द्यायचे नाहीत, असा क्रम लिहून लावला. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही आणि पोटात कुजते, तेव्हा अंधाराच्या दिवसांत उपाशी ठेवणे हीच दया.

पावसाने इतर कामेही वाढवली. अळ्यांच्या डब्यातील गव्हाच्या कोंड्याला बुरशी धरली. आता कोंडा लोखंडी तव्यावर कोरडा भाजून, गार करून मगच भरतो. कॅल्शियमच्या भुकटीचे खडे होत होते, तिच्या बरणीत तांदळाची पुरचुंडी टाकली.

२६ जुलै

मंगळवारच्या पाळीतील मुलीने लिहिले होते: “दाढोबाने तोंड उघडे ठेवले आहे, पण तो दिव्याखाली नाही.” या एका वाक्यासाठी सगळ्या वह्या सार्थकी लागल्या. दिव्याखाली तोंड उघडणे ही अतिरिक्त उष्णता घालवण्याची नेहमीची रीत आहे. थंड टोकाला बसून तोंड उघडणे म्हणजे श्वास घेणे जड जाणे. नाकपुडीत चिकट थेंबही दिसला. तालुक्यातील पशुवैद्यांचा हात गुराढोरांवर बसलेला असल्यामुळे त्यांनीच पुण्यातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार सहकाऱ्यांचा पत्ता दिला. कुंभार्ली घाटातून भर पावसात, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवून त्याला नेले. श्वसनमार्गाचा सौम्य संसर्ग निघाला. प्रतिजैविकाची इंजेक्शने आणि दिवसाचे तापमान एक-दोन अंशांनी वाढवण्याचा सल्ला मिळाला. वजन घटलेले नव्हते. आठवड्याचे वजन नोंदलेले असल्यामुळे निदान सोपे गेले, असे डॉक्टर म्हणाले.

२३ ऑगस्ट

२७ तारखेला गणपती. कोकणातल्या शाळेत या दिवसांत कुणी पाळी घ्यावी अशी अपेक्षा धरणेच व्यर्थ. चाकरमानी आलेले, घर भरलेले, आरत्या आणि भजने रात्रभर. नववीतील एका मुलीने उभे राहून सांगितले की त्यांच्या मोहल्ल्यात गणपती नसतात, तेव्हा गौरीविसर्जनापर्यंतची पाळी ती आणि तिचा भाऊ घेतील. त्यापुढे ५ सप्टेंबरला ईद असल्याने त्या दोन-तीन दिवसांची पाळी ज्यांच्या घरी दीड दिवसाचे गणपती असतात त्यांनी घेतली. वेळापत्रक इतक्या सहजी कधीच भरले नव्हते.

११ ऑक्टोबर

पाऊस ओसरला, यंत्र बंद केले. जून ते सप्टेंबर दिवे आणि यंत्र मिळून महिन्याला सुमारे १३० युनिट वीज लागली. आता ४५ लागतील.

नववीच्या आनुवंशिकतेच्या पाठाला दाढोबा कामी आला. या जातीत लिंग गुणसूत्रांनी ठरते, मादीत झेडडब्ल्यू आणि नरात झेडझेड. परंतु अंडी ३२ अंशांहून अधिक तापमानात उबवली गेली तर झेडझेड गुणसूत्रांचे गर्भही मादी म्हणून जन्मतात. हे प्रथम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निसर्गातही तसे घडते हे २०१५ मध्ये दाखवले गेले. तापमान वाढत गेले तर पुढे काय होईल, यावर तास संपून गेला तरी चर्चा चालूच होती. दुसऱ्या प्राण्याला जाळीचे दार उघडताना पाहून बिअर्डेड ड्रॅगन तसे करायला शिकतात, असा युरोपातील एक प्रयोगही मुलांच्या वाचनात आला. त्यांनी पुठ्ठ्याचे सरकते दार करून, दुसरा ड्रॅगन नसल्याने, हाताने उघडून दाखवले. दाढोबाने दाराकडे पाहिले, हाताकडे पाहिले आणि डोळे मिटले.

२९ नोव्हेंबर

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आर्द्रतेचा प्रकल्प निवडला गेला आहे. दाढोबाला सोबत न्यावे, गर्दी होईल, असे अनेकांचे म्हणणे पडले. अनोळखी मंडप, ध्वनिक्षेपक आणि दिवसभर काचेवर पडणारी बोटे त्याच्यावर लादण्याचे कारण मला दिसत नाही, म्हणून तक्ते, दोन मापक, एक दिवा आणि कुंपणावरील सरड्याची छायाचित्रे एवढेच जाईल. कुंपणावरचा सरडा ९० टक्के आर्द्रतेत खुशाल राहतो आणि त्याचाच कुळबंधू आजारी पडतो, हा तक्ता मला सर्वांत चांगला वाटतो. तो मुलांनी माझ्या मदतीवाचून केला आहे.

दरम्यान शाळेची वार्ता पसरल्यामुळे रत्नागिरीहून एका कुटुंबाने आपलाही नर ड्रॅगन आम्हाला देऊ केला आहे. नकाराचे पत्र आज पाठवले. दोन नर एका पेटीत ठेवले तर भांडतात, दुबळ्याला दिव्याखालची जागा मिळत नाही आणि तो जखमांपेक्षा उपासमारीनेच खचतो. वेगळी पेटी ठेवावी तर दुसरा दिवा, दुसरी नळी आणि त्या नऊ तासांच्या बॅटरीत दुसरा वाटेकरी. त्यांचे घर समुद्रकिनारी असल्याचे पत्रावरून कळले, म्हणून प्राणी कोणाकडेही सोपवला तरी खोली कशी कोरडी राखावी हे त्यांना कळवले असून उत्तरासोबत जून-जुलैच्या आर्द्रतेच्या तक्त्याची आणि वीज गेल्यावर पाळायच्या क्रमाची प्रत जोडली आहे.